बहिणीच्या फोनवर चाललेले गाव

आधी दिवस आणि जबाबदार माणसे. इंग्रजी तारखा, जावक क्रमांक आणि पोचपावत्या माझ्या फायलीत आहेत. इथे मी तिथीने सांगतो, कारण आमचे गाव तिथीने आठवते.

माघी गणेश जयंतीचा आठवडा, तीन वर्षांपूर्वी. विकास आराखड्याच्या नकाशात नदीकाठचा मळा बांधकामास योग्य ठरला. जबाबदार: मळा न पाहता नकाशावर सही करणारा नियोजन अधिकारी.

वटपौर्णिमेचा आदला दिवस, गेल्या वर्षी. आपत्ती निवारणाची समन्वय बैठक झाली आणि तीत आमची मागणी निकाली निघाली. जबाबदार: बैठकीचे अध्यक्ष, इतिवृत्त लिहिणारा कनिष्ठ अधिकारी, आणि मी.

नागपंचमीचा दुसरा दिवस, गेल्या वर्षीच. सकाळी वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, दुपारी मळ्यातल्या अंगणवाडीत पाणी शिरले. जबाबदार: दरवाजे उघडण्याचा आदेश देणारे पलीकडच्या राज्यातले अभियंते, आणि तिथून आमच्यापर्यंत ज्या ज्या मेजावर तो निरोप थांबला त्या त्या मेजामागे बसलेला प्रत्येक जण.

त्याच्या पुढचा दिवस. पाणी येणार असल्याचा इशारा पंचायतीत पोचला. आवक शिक्का स्वच्छ उमटला आहे. शिक्का मारणाऱ्याच्या पायाखालचा गाळ मात्र अजून ओला होता.

यंदाची रामनवमी. अंगणवाडी पुन्हा त्याच मळ्यातल्या इमारतीत भरवावी, असा आदेश निघाला. जबाबदार कोण, ते मला अजून कळलेले नाही, कारण सहीखाली पद आहे आणि त्या पदावरचे साहेब मात्र म्हणतात की सही त्यांच्या आधीच्याची आहे.

तिसऱ्या ओळीत नव्हे, दुसऱ्या ओळीत मी स्वतःला घातले आहे, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. ती लेखनाची चूक नाही. मी डिचोलीत न्यायालयीन कारकुनी करून निवृत्त झालो. आरोपींची यादी अर्धवट सादर करणाऱ्यांचे काय होते, ते मी उभ्या नोकरीत पाहिले आहे.

आमचे गाव पेडणे तालुक्याच्या आतल्या अंगाला, इब्रामपूरपासून चालत जाता येईल इतके जवळ. नदीच्या वरच्या वळणापलीकडची टेकडी दुसऱ्या राज्यात मोडते. तिकडचे लोक आमच्या देवळात नवस फेडायला येतात, आमचे लोक त्यांच्या बाजारात मिरची घ्यायला जातात, आणि सोयर-सुतक दोन्हीकडे एकाच वेळी पाळले जाते. सीमा आहे हे आम्हाला दोन ठिकाणी जाणवते. एक, जाणाऱ्या गाड्यांत दारूच्या बाटल्या शोधणाऱ्या नाक्यावर. दुसरे, नदी चढते तेव्हा.

नदीच्या उगमाकडे, शेजारच्या राज्यात, धरण आहे. धरण भरू लागले की दरवाजे उघडावे लागतात, आणि ते उघडूच नयेत असे म्हणण्याइतका मी वेडा नाही. सोडलेले पाणी आमच्या साकवापर्यंत यायला साधारण तीन तास लागतात. तीन तासांत गुरे वर नेता येतात, पंप उचलता येतो, म्हातारी माणसे देवळात बसवता येतात. म्हणजे पाण्याशी आमचे भांडण नव्हते. भांडण निरोपाशी होते. धरणावरचा निरोप आधी त्यांच्या विभागाला जातो, तिथून त्यांच्या जिल्ह्याला, तिथून त्यांच्या राजधानीला. मग आमच्या राजधानीला, आमच्या जिल्ह्याला, तालुक्याला, आणि शेवटी पंचायतीला. पाणी सरळ उतरते. निरोप दोन राजधान्या फिरून येतो. पाणी आणि निरोप एकाच वेळी निघाले तर आधी कोण पोचेल, हे सांगायला अभियंता लागत नाही.

आणि तरी पुष्कळ वर्षे आमच्या गावात पाण्याने कोणाला झोपेत गाठले नाही. त्याचे कारण माझी बहीण.

आमच्याकडे मुली नदीच्या वरच्या अंगाला देण्याची रीत आहे. आमचे वडील सांगत की मुलीला माहेरची आठवण झाली तर तिने वाट विचारू नये, पाण्याबरोबर चालत यावे. माझी बहीण अशीच तिकडे, सिंधुदुर्गात, धरणाच्या खालच्या पहिल्याच गावात दिलेली. ती दिली तेव्हा धरण नव्हते. धरण झाले आणि तिच्या घरामागे भोंगा बसला. दरवाजे उघडण्यापूर्वी तो वाजतो आणि तिच्या स्वयंपाकघरातली भांडी थरथरतात, असे ती सांगते. खाली सीमेअलीकडे मात्र एकही भोंगा नाही. आमच्या गावात भोंगा ऐकू येतो तो फक्त पोदेराचा, सकाळी आणि संध्याकाळी, सायकलला पावाची टोपली लावून तो येतो तेव्हा.

तर पहिल्या वर्षी भोंगा वाजला तेव्हा तिने मला फोन केला. तिचा फोन फार थोडक्यात असायचा. "दादा, भोंगो वाजलो. गुरां वयर काढा. ठेवतंय, माझी भाकरी तव्यार आसा." एवढे बोलून ती खरोखर ठेवून द्यायची. मी चप्पल घालायचो, देवळात जायचो आणि घंटा वाजवायचो. पूजेची वेळ नसताना घंटा वाजली की ती पाण्याची, हे लहान मुलालाही ठाऊक झाले. गावात माझ्या अर्जांची थट्टा होई, मला समोरासमोर अर्जदार म्हणत, पोस्टमन म्हणे की तुमच्यामुळेच माझी वाट मोडली नाही. पण माझ्या हातच्या घंटेची थट्टा कोणी केली नाही.

ती व्यवस्था बहिणीची होती, सरकारची नव्हती, आणि हे मला टोचत होते. न्यायालयात इतकी वर्षे बसलेल्या माणसाला, एखादी गोष्ट नुसती चालते आहे एवढ्याने समाधान होत नाही. ती कोणाच्या आदेशाने चालते, बंद पडली तर दाद कोणाकडे मागायची, हे लिहिलेले असावे लागते. म्हणून मी दोन्ही राज्यांना पत्रे लिहू लागलो. मागणी एकच: दरवाजे उघडण्याआधी धरणावरून थेट आमच्या पंचायतीला फोन करावा, तो कोणी करायचा त्याचे पद ठरवावे, आणि दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांनी त्या कागदावर सह्या कराव्यात. अलीकडच्या कार्यालयाने लिहिले की धरण पलीकडे आहे. पलीकडच्याने लिहिले की गाव अलीकडे आहे. दोन्ही उत्तरे खरी होती.

मधल्या काळात नकाशा आला. विकास आराखड्याचा नकाशा पंचायतीच्या दाराआड अशा ठिकाणी लावला होता की दार उघडे असले म्हणजे तो झाकला जाई, आणि दार तर कामाच्या वेळात उघडेच असते. हरकतींची मुदत संपल्यावर झाडूवालीने मला तो दाखवला. नदीकाठच्या मळ्यात वायंगण भाताखेरीज कधी काही उभे राहिले नव्हते, आणि तेही पावसाळा सरल्यावर. नकाशात तो मळा सार्वजनिक बांधकामासाठी राखून ठेवला होता. जागा सरकारी, सपाट, रस्त्याला लागून. नदीचा पट्टाही त्याच नकाशात होता, निळा, शेजारीच. दोन्ही रंग एकाच माणसाने एकाच दिवशी भरले असतील, आणि निळा रंग भाद्रपदात कुठवर पसरतो हे त्याने कोणाला विचारले नाही.

मी हरकत पाठवली. मुदतीबाहेरची म्हणून ती दफ्तरी दाखल झाली. वर्षभरात मळ्यात अंगणवाडी उभी राहिली, भिंतीवर ससा आणि गाजर रंगवले गेले, आणि देवळाच्या पडवीत भरणारी मुले तिथे बसू लागली. उद्घाटनाला मी गेलो नाही. बहिणीने फोनवर विचारले, अंगणवाडी कशी आहे. मी म्हटले, उंची सोडली तर सगळे आहे.

आता ती बैठक. तिच्याबद्दल लिहायला मला जड जाते.

समन्वय बैठक म्हणून नदीकाठच्या गावांना डिचोलीत बोलावले होते. पलीकडच्या राज्यातून एक अधिकारी येणार होते, ते आले नाहीत. त्यांच्या नावाची पाटी मेजावर शेवटपर्यंत उभी होती. मी फाईल घेऊन पहिल्या रांगेत बसलो. माझी मागणी मी लेखी आणली होती, चार परिच्छेदांत, प्रत्येकाला क्रमांक. ती वाचून बसायचे, एवढेच मी घरून ठरवले होते. पण मी वाचत असतानाच अध्यक्षस्थानी बसलेले साहेब घड्याळाकडे पाहत म्हणाले, "आजोबा, इशारा तर येतोच ना तुम्हाला?"

मला राग आला. मी कागद खाली ठेवला.

"तुमचा इशारा येतो तेव्हा आमचे अंगण धुवून झालेले असते," मी म्हटले. "माझी बहीण तुमच्या आधी सांगते. चार यत्ता शिकली आहे ती. जीप नाही, शिपाई नाही. आणि आजवर तिचा एकही निरोप चुकलेला नाही."

सभागृह हसले. मागून कोणीतरी म्हणाले, मग बहिणीलाच खुर्चीत बसवा. टाळ्या पडल्या. साहेबही हसले, आणि शेजारचा कनिष्ठ अधिकारी खाली मान घालून लिहीत राहिला. मला वाटले, जिंकलो. घरी येताना डिचोलीहून पेडण्याला जाणाऱ्या बसमध्ये एक ओळखीचा माणूस भेटला, लाटंबार्शाचा काजूवाला, त्यालाही मी ते वाक्य हावभावासह ऐकवले. त्याने मांडीवर थाप मारली. मी ते वाक्य त्या आठवड्यात आणखी कितीजणांना ऐकवले, ते आठवले की अजून कानशिले तापतात.

न्यायालयात मी किती पक्षकार पाहिले की ज्यांचा दावा भक्कम होता आणि जे उलटतपासणीत एका फुशारकीने बुडाले. वकील मग बाहेर येऊन कपाळावर हात मारीत. स्वतःविरुद्धची कबुली खोडून काढणे फार कठीण असते, हे मला त्यांच्यातल्या कोणाहूनही अधिक ठाऊक होते.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बहीण सावंतवाडीला नातलगाकडे बारशाला गेली. फोन तिने चार्जिंगला लावला होता आणि गडबडीत तो घरीच राहिला. सकाळी धरणाचा भोंगा वाजला. तिच्या रिकाम्या स्वयंपाकघरात भांडी थरथरली असतील. खाली आमच्याकडे ऊन पडले होते. आठ दिवसांच्या पावसानंतरचे ऊन, बायकांनी गोधड्या बाहेर घातल्या होत्या. मी खिडकीशी बसून पलीकडच्या कार्यालयाला स्मरणपत्र लिहीत होतो, सातवे.

पुढचे मला अंगणवाडीच्या सेविकेने सांगितले. ती आमच्याच वाड्यावरची, दोन मुलांची आई, मला काका म्हणते. खिचडी चुलीवर होती. तिला नदीचा आवाज वेगळा वाटला. बाहेर येऊन पाहते तो पाणी चहाच्या रंगाचे झालेले, आणि त्यावरून एक निळी बालदी वाहत येत होती, उभीच्या उभी. पाऊस नाही आणि बालदी येते आहे, म्हणजे वर कोणाचे तरी अंगण गेले, एवढे तिला कळले. पुढचा रस्ता तोवर पाण्याखाली गेला होता. अकरा मुले होती. दोघांना तिने काखेत घेतले, उरलेल्यांच्या हातात पदर दिला, आणि मागच्या दाराने बांधावरून निघाली. बांध निसरडा झाला होता. अर्ध्या वाटेत ती पडली आणि उजवे मनगट तिच्याच अंगाखाली मोडले. काखेतली मुले तिने सोडली नाहीत. कोणी पदरही सोडला नाही, कारण तिने त्यांना सांगितले होते की ही आगगाडी आहे आणि डबा सुटला तर खाऊ नाही.

देवळात पोचल्यावर तिने डाव्या हाताने घंटा वाजवली. त्या दिवशी पाण्याची घंटा मी वाजवली नाही, हे लिहून ठेवणे आवश्यक आहे.

मी धावत गेलो. मुले ओल्या कपड्यांनी नंदीपाशी बसली होती, एकजण नंदीच्या पाठीवर. ती खांबाला टेकून उभी होती, मनगट सुजून वांग्याएवढे झाले होते. तिने मला पाहिले आणि विचारले, "काका, आज फोन येवंक नाय?"

तिच्या स्वरात दोष नव्हता. नुसती चौकशी होती, पोदेर आला नाही का, अशी. म्हणूनच ती लागली.

जीव गेला नाही, हे मी मानतो, आणि हेच सांगून गेले वर्षभर मला गप्प करण्याचा प्रयत्न झाला आहे. जीवितहानी निरंक, असा शब्द अहवालात आहे. निरंक हे आकड्याच्या जागी लिहितात. मोडलेल्या मनगटासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता. तिचे मनगट वाकडे जुळले आहे, आणि फळ्यावर ती आता डाव्या हाताने अक्षरे काढते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने बहीण आली. अंगणात गाळ होता, त्यात ती उभी राहिली, बसली नाही, पाणीही घेतले नाही. बारशाला गेले होते, एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली, जणू कबुलीजबाब देत होती. मी तिला म्हटले की बारशाला जाणे हा गुन्हा नाही. तिला ते पटले नाही. दुपारी, ती गेल्यावर, पंचायतीत तो इशारा पोचला.

मी माहिती अधिकारात अर्ज केला: आमच्या गावास पूर्वसूचना देण्याबाबत कोणता निर्णय झाला आणि तो कोणत्या आधारावर. उत्तर मुदतीत आले, त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. सोबत इतिवृत्ताची प्रत होती. आमच्या विषयापुढे लिहिले होते: "ग्रामस्थ प्रतिनिधींनी स्पष्ट केले की पाणी सोडल्याची पूर्वसूचना गावास स्थानिक स्तरावरून वेळेआधी प्राप्त होते व आजवर एकही सूचना चुकलेली नाही. सबब स्वतंत्र व्यवस्थेची आवश्यकता दिसत नाही. विषय निकाली."

खोटा शब्द एकही नव्हता.  नंतर बहिणीला फोन करून वाचून दाखवला, कारण तिच्याविषयी सरकारदरबारी काय नोंदले गेले ते जाणण्याचा तिला हक्क होता.  ती म्हणाली, "धरणावर मी कधी नोकरेक लागलंय, दादा? माका कोणी सांगूक नाय." मग तिने विचारले की नोकरी होती तर त्या दिवशीची रजा कोणाकडे मागायची होती. तिला विनोद करायचा होता. तो जमला नाही.

सेविकेने मनगट बांधलेल्या हाताने माझ्या पडवीत अंगणवाडी सुरू केली. मळ्यात जाणार नाही, असे तिने पर्यवेक्षिकेला तोंडावर सांगितले. दसऱ्यानंतर तिला नोटीस आली: शासकीय इमारत विनापरवानगी सोडून खासगी जागेत केंद्र चालवल्याबद्दल आपल्याविरुद्ध कारवाई का करू नये, कारणे दाखवा. ती नोटीस घेऊन माझ्याकडे आली आणि पायरीवर बसून हसू लागली. म्हणाली, "पाण्यान परवानगी घेतल्यान काय, ता पयलां विचारा." मी उत्तराचा मसुदा लिहिला आणि तिचे ते वाक्य जसेच्या तसे पहिल्या परिच्छेदात घातले. तिला भीती वाटली, मला नाही. नोटिशीचे पुढे काही झाले नाही. तिचा निकालही लागला नाही. ती अजून तिच्या डोक्यावर आहे.

हिवाळ्यात इमारतीची दुरुस्ती झाली. गाळ उपसला, भिंतीवर गळ्यापर्यंत आलेली पाण्याची रेघ रंगाखाली गेली, ससा नवा काढला. आणि रामनवमीला तो आदेश निघाला: जून लागताच केंद्र मूळ इमारतीत भरवावे, अन्यथा सेविकेचे मानधन थांबेल.

याच सुमारास बहिणीच्या मुलाने डिचोलीजवळ सर्वणला घर बांधून पुरे केले. त्याने आईला न्यायचे ठरवले, आणि ते योग्यच होते. ती तिकडे एकटी राहत होती, गुडघे गेले आहेत, विहिरीच्या पायऱ्या उतरवत नाहीत. वैशाख संपायच्या आत निघायचे, असे ठरले. मी सामान बांधायला मदत म्हणून तिच्याकडे गेलो, आणि दुसऱ्या सकाळी आम्ही दोघे धरणावर गेलो. मला एकदा तो माणूस पाहायचा होता, ज्याच्या हाताने दरवाजे उघडतात.

माणूस भला निघाला. त्याने बहिणीला मावशी म्हणून खुर्ची दिली, मला स्टुलावर बसवले आणि वही उघडून दाखवली. कोणाला कळवायचे त्यांची यादी पहिल्या पानावर चिकटवलेली होती. "काका, ह्या वहीत तुमच्या बाजूचो एक पण नंबर नाय," तो म्हणाला. "मी वरती कळवतंय. थंयसून खाली कधी जाता, ता माका ठावूक नाय." मग जरा संकोचून म्हणाला की तुमचा नंबर सांगा, मी स्वतः फोन करीन.

एवढी वर्षे मी जे मागत होतो ते तो माणूस चहाच्या पेल्यासारखे सहज पुढे करत होता, आणि मी घ्यायला कचरलो. बैठकीतला तो कागद माझ्या डोळ्यांपुढे होता. उद्या कोणी विचारले तर पुन्हा लिहितील, सूचना प्राप्त होते, विषय निकाली. शेवटी नंबर दिला. त्याखाली त्याच्याच वहीत माझ्या हाताने लिहिले की हा क्रमांक कोणत्याही शासकीय व्यवस्थेचा पर्याय नाही व तसे मानू नये, आणि सही केली. त्याने ते वाचले, हसला, आणि म्हणाला की तुम्ही लिहिलेत ते बरोबर आहे, कारण माझी बदली झाली आहे, पावसाच्या आधी मी जाणार.

परतताना बहीण वाटेत बसली. गुडघे दुखत होते, हे एक कारण. खाली नदी दिसत होती, वैशाखातली, गोट्यांतून वाट काढणारी, जिच्यावर संशय घ्यावा असे काहीच नाही.

"दादा," ती म्हणाली, "आनी एक पावसाळो मी रवतंय. पोरगो रागावलो तर रागावलो. पोरां हत ती, अकरा."

 ती राहिली असती तर मला या वर्षी शांत झोप लागली असती, हे मी नाकारत नाही. सेविकेलाही. बहीण नुसत्या माझ्या होकाराची वाट पाहत होती. पण साठीच्या पुढची, गुडघे गेलेली, एकटी बाई एका घरात का राहते, तर दोन राज्यांनी एक फोन लावायचे टाळले म्हणून, हे मी मान्य केले असते तर ती माझी दुसरी कबुली ठरली असती. आणि एका बारशाला जाण्याचीही तिला आयुष्यात पुन्हा मोकळीक उरली नसती.

"तू जा सर्वणाक," मी म्हटले. "तू रवलीस तर ते परत इतिवृत्तात बरयतले, व्यवस्था आसा."

ती उठली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन. चार पावले गेल्यावर तिने विचारले, "आनी मी गेल्यार?"

 याचे उत्तर द्यायचे काम माझे नाही. म्हणून हे लिहितो आहे, आणि याची एक प्रत अलीकडच्या कार्यालयाला, एक पलीकडच्याला, एक नकाशावर सही करणाऱ्याला आणि एक रामनवमीच्या आदेशावर ज्यांचे पद आहे त्यांना जाते आहे. पत्राने उत्तर नको. माझ्याकडे तुमची पत्रे पुष्कळ आहेत आणि त्यांत एकही खोटा शब्द नाही. जून लागण्यापूर्वीच्या कोणत्याही रविवारी आमच्या देवळासमोरच्या मांडावर या. शिगम्याला जिथे गाव जमतो तीच जागा. तिथे उभे राहून कोणी शब्द फिरवत नाही. दोन्ही राज्यांचे या, पाटी नको, माणूस हवा. समोर अकरा मुलांचे आईबाप बसतील, सेविका बसेल, आणि माझी बहीण सर्वणहून येईल. तिच्याकडे पाहून, मोठ्याने, सांगा: ती गेली आहे. धरणाचे दरवाजे उघडतील तेव्हा आमच्या गावाला फोन कोण करणार, आणि तो येईपर्यंत ती मुले त्या मळ्यात कोणाच्या भरवशावर बसवायची?